फिरत्या घरातले घट

देवीची मला कधी भीती वाटली नाही, दिव्याची मात्र वाटत होती. भाड्यानं घेतलेलं मोटरहोम, आत स्वयंपाकाचा गॅस, खिडक्यांना कापडी पडदे, आणि त्यात नऊ दिवस तेवत ठेवायचा तुपाचा दिवा. मी फारशी श्रद्धाळू नव्हते. देव असेल तर असू दे, आपण त्याच्या वाटेला जाऊ नये आणि त्यानं आपल्या, एवढंच माझं धोरण होतं.

चूक आमचीच होती. आम्ही राहायचो त्या शॉमबर्गहून डेन्व्हरला विमानानं जायचं, तिथं मोटरहोम घ्यायचं आणि दहा दिवस कोलोरॅडोच्या डोंगरांत भटकायचं, हे माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, ऑफिसच्या सुट्ट्या बघून ठरवलं. पंचांग बघायचं दोघांनाही सुचलं नाही. दोन हजार तीन साल होतं, नवरात्र सप्टेंबरातच येत होतं, आणि सासूबाई कराडहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मी आईच म्हणते. "तुम्ही जा, मी घट घेऊन घरी थांबते," त्या म्हणाल्या, पण डोळे टेबलावरच्या नकाशावर होते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. रॉकी पर्वत त्यांनी आयुष्यभर पट्टीच्या टोकानं दाखवला होता, पाहिला कधीच नव्हता.

"घट मोटरहोममध्येच बसवले तर? पण ते हलवत नाहीत ना?" मी विचारलं.

त्यांनी आधी नकाशाची घडी घातली. मग म्हणाल्या, "ज्या घरात बसले, त्या घरात हलवायचे नाहीत. घरच हललं तर आपण काय करणार? पृथ्वी तरी कुठे एका जागी थांबते?"

तर घट बसले. डेन्व्हरजवळच्या कॅम्पग्राउंडवरची माती, शॉमबर्गच्या दुकानातली धान्यं, पिशवीतून आणलेला तांब्या. जागा म्हणून मागच्या पलंगाशेजारचा कट्टा. दिव्याची जागा मी ठरवली, सिंकमध्ये. सिंकमध्ये वाटी पालथी घातली, वाटीवर दिवा, त्यावर काचेची चिमणी. आग लागलीच तर नळ वरच आहे, असा माझा हिशोब. सिंकवरच्या टीचभर खिडकीला पडदा नव्हता, हीदेखील सोयच. मिलिंद वळणावर गाडी अशी घ्यायचा की मागचे लोक वैतागून हॉर्न द्यायचे, आणि मी सिंकला धरून बसायची. प्रवासाची सगळी मजा दिव्यानं खाल्ली असं मी म्हणायची, पण खरं सांगायचं तर तसं नव्हतं. मला सारखी उत्सुकता असायची, आता आई काय बघणार आणि काय विचारणार.

त्या सगळंच विचारायच्या. झाडं एका उंचीला येऊन एकदम का संपतात? मागच्या वर्षीचा बर्फ अजून तिथे कसा? अ‍ॅस्पेनची पानं वारा नसतानाही का थरथरतात? अख्खे डोंगर हळदीनं माखल्यासारखे पिवळे झाले होते. घटावर रोज झेंडूची माळ चढते. तिथे झेंडू कुठला? त्या खाली पडलेली अ‍ॅस्पेनची पानं वेचायच्या आणि सुईदोऱ्यानं माळ ओवायच्या. चौथ्या दिवशी आम्ही जलविभाजकावर पोचलो, जिथून एका बाजूचं पाणी एका महासागराला जातं आणि दुसऱ्या बाजूचं दुसऱ्या. आईंनी बाटलीतलं पाणी दोन्ही बाजूंना थोडं थोडं ओतलं आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "हे मी फळ्यावर किती वेळा काढलंय," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं डोकं आदल्या दिवसापासून दुखत होतं, हे आम्हांला नंतर कळलं. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. पाण्याचा पेला हातात दिला तरी त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. पाचव्या दिवशी आमचा मुक्काम दहा हजार फुटांच्याही वर, एका तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर होता. दुपारी त्यांना मळमळायला लागलं, उजेड नकोसा झाला, साधा साबुदाणाही जाईना.

"उपवासाचं पित्त असेल गं," त्या म्हणाल्या.

मलाही ते पटलं, कारण नवरात्रात दरवर्षी त्यांना पित्त व्हायचंच. मी लिंबूपाणी दिलं, पडदे ओढले आणि म्हटलं, झोपा जरा.

"तास झोपू दे तिला. लाइट मस्त आहे, मी तळ्याचे फोटो काढून येतो," म्हणून मिलिंद कॅमेरा घेऊन गेला.

मी पुस्तक वाचत बसले. आई खोकत होत्या, त्याकडेही माझं लक्ष नव्हतं. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

दारावर टकटक झाली. कॅम्पग्राउंडची देखरेख करणाऱ्या बाई होत्या, सत्तरीच्या आसपासच्या, अंगात लोकरी जाकीट. मार्ज त्यांचं नाव. "भरदुपारी सगळे पडदे बंद, आणि खिडकीत ज्योत. म्हटलं, घरी कुणी नाही आणि मेणबत्ती विसरलेत," त्या म्हणाल्या. मी ओशाळून दिव्याचं कारण सांगू लागले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या कान देऊन आईंचा श्वास ऐकत होत्या. त्यांनी आईंच्या पलंगाजवळचा पडदा बाजूला केला. आईंचे ओठ निळसर झाले होते. मी दोन हातांवर बसले होते आणि मला दिसले नव्हते.

मार्ज तिथल्या गावच्या दवाखान्यात पूर्वी नर्स होत्या. त्यांच्या नवऱ्याला त्या उंचीवर ऑक्सिजन लागायचा, म्हणून सिलिंडर घरातच असायचे. "हे उंचीमुळे आहे, फुप्फुसांत पाणी होतंय. लगेच खाली उतरायला हवं. मी सिलिंडर आणते. तोवर तो दिवा बंद करा. ऑक्सिजन आणि ज्योत एका खोलीत चालत नाही," असं बजावून त्या गेल्याही.

पाच दिवस मी त्या दिव्यावर कुरकुर केली होती. आता विझवायची वेळ आली आणि माझा हात उचलेना. पस्तीस-छत्तीस वर्षं या बाईनं नवरात्रातला दिवा एकदाही जाऊ दिला नव्हता. मी विझवला आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर? त्या दहा मिनिटांत मी पहिल्यांदा मनापासून देवीला हाक मारली. काय मागावं तेही कळेना. तूच बघ, एवढंच म्हटलं.

आईंनी डोळे उघडले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "फुंकर नको," त्या तुटक श्वासात म्हणाल्या. "दुधाचं बोट लाव. लाव गं. मला श्वास हवाय."

मला काहीतरी हवंय, हे त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी वातीला दूध लावलं. ज्योत शांत झाली आणि पाठोपाठ मार्ज सिलिंडर घेऊन आत आल्या.

त्यांच्या नवऱ्यानं हॉर्न वाजवून मिलिंदला बोलावलं. मोटरहोम उतरू लागलं, आईंचा हात धरून मार्ज आत बसल्या आणि त्यांचा नवरा पिकअप घेऊन मागून आला. दर वळणाला मी आईंचे ओठ बघत होते. खालच्या गावात दवाखान्याशी पोचेपर्यंत त्यांच्यावर थोडी लाली आली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास वर राहिला असता तर आम्ही काही करू शकलो असतो की नाही, सांगता येत नाही. मिलिंद बाहेर पायरीवर बसून रडला. मी मार्जच्या गळ्यात पडले.

तिसऱ्या दिवशी आईंना सोडलं. त्या दिवशी मार्ज रिकामं सिलिंडर न्यायला आल्या होत्या. आईंनी त्यांना घटासमोर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि नारळ, तांदूळ, हिरवा खण त्यांच्या जाकिटाच्या ओच्यात घातला. मार्ज गोंधळल्या. "आता मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

आई आपल्या मास्तरणीच्या इंग्रजीत म्हणाल्या, "काही नाही. फक्त घ्यायचं. मलाही परवाच जमलं."

नवी वात लावताना मी विचारलं, अखंड दिवा खंडला, मनाला लागलं का? त्या म्हणाल्या, "लागलं तर. पण ज्यासाठी लावतो, तेच दारात आलं होतं."

मी त्यावर वाद घातला नाही. मार्ज रोजच्या फेरीवर आल्या असतील, उंचीच्या त्रासावर औषध खाली उतरणं हेच असेल. मला एवढंच कळलं, की सगळं आपणच धरून ठेवायचं नसतं, कधीतरी हात पसरून घ्यायचंही असतं. आई आता कराडलाच असतात. घट मी शॉमबर्गला बसवते. दिवा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवते, आणि नऊ दिवस तिचा पडदा ओढत नाही.