चांगला पाय जमिनीवर

किस्से गोळा करायला मी कधी बसलो नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागलो आणि लकवा मारलेल्या माणसांबरोबर त्यांचे संशयही दारात येत गेले. सुई नाही, गोळी नाही, नुसते हातपाय हलवतो, मग हा डॉक्टर कसला, हा पहिला संशय. तो मला पाठच झाला होता.

त्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पुण्याहून एक सेकंडहँड मशीन आणलं. जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी पाट, खाली मोटर, धरायला दांडी. बटण दाबलं की पाट थरथरायचा. त्यावर पेशंटला उभं केलं की झोपलेलं अंग जागं होतं, असं डॉक्टर म्हणायचे. खरं सांगतो, माझाही विश्वास नव्हता. पण हे त्यांना सांगणार कोण?

*

पहिले पेशंट पिंपळीचे आबा. त्यांच्या सूनबाईंनी पाटाभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाल्या, "आधी तुमी हुबं ऱ्हावा."

मी उभा राहिलो.

"आता पाच मिंटं तसंच ऱ्हावा. काय हुतंय का बघू."

बाहेर बाकावरच्या लोकांनी ते पाहिलं आणि रिवाजच पडला. प्रत्येक पेशंटच्या आधी मी. दिवाळीपर्यंत दवाखान्यातले सगळ्यात मजबूत पाय माझे झाले होते.

*

कळसचे एक तात्या खिशात टेस्टर घेऊन यायचे. विहिरीवरच्या मोटरीनं त्यांना एकदा झटका दिला होता. रोज पाटाच्या चारी कोपऱ्यांना टेस्टर लावल्याशिवाय चप्पल काढायचे नाहीत. एकदा मी वैतागलो.

"तात्या, कालच तर तपासलं की."

"काल लाइट कुठं हुती?"

हे मात्र खरं होतं.

*

एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "तीस वर्सं ट्रॅक्टरवर हाललो, त्यातनंच लकवा मारला. आता तुमी पुन्हा हालवून बरा करनार व्हय?"

मी प्रश्न मोठ्या डॉक्टरांकडे नेला. ते म्हणाले, "पुढचा पेशंट घे."

*

भवानीनगरचे मारुतीराव साखर कारखान्यातले रिटायर फिटर. मिलच्या धडधडीत कान गेलेले, म्हणून मशीनची तब्येत ते पायानं ओळखायचे. फाउंडेशनवर अनवाणी पाय ठेवला की कुठं काय बिघडलंय ते सांगायचे. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. सात महिने डाव्या पायाला काही कळत नव्हतं. एकदा चुलीतला निखारा पायाखाली आला, तर कातडी जळाल्याचा वास आल्यावर त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, पाय ओढून काढला. तेव्हापासून काकू त्यांना सोडून शेजारच्या लग्नालासुद्धा गेल्या नव्हत्या.

मला म्हणाल्या, "चालनं ऱ्हाऊ द्या. पायाला कळू द्या, एवढंच."

मी मान हलवली, पण आशा मला नव्हती. त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मारुतीरावांचा मशीनवर माझ्याहून कमी विश्वास. दांडीला हात लावीनात, बायकोचा खांदा धरला. डावा पाय पाटावर ठेवू दिला, उजवा जमिनीवरच.

"बिघडायचा तर बिघडलेलाच बिघडू द्या. चांगला पाय तुमच्या मशीनला देनार न्हाय."

मी खूप समजावलं. ऐकू आलं नाही, किंवा येऊ दिलं नाही. तीन आठवडे तसेच एका पायावर गेले.

एका सोमवारी मी बटण दाबलं आणि मारुतीरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बंद करा. बेअरिंग गेलंय ह्या मशीनचं."

"कशावरनं?" मी कानाशी ओरडलो.

"कशावरनं म्हंजे? पायाला कळतंय की."

काकूंनी खाली पाहिलं. पाटावर डावा, जमिनीवर उजवा. मग नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"कुठल्या?"