कानावर पडेपर्यंत

देवळ्याच्या चौकातल्या लिंबाखाली साळूबाई दिसली नाही आणि बहिरूचा जीव टांगणीला लागला.

सतरा वर्षं ती तिथं असायचीच. नांदगावहून पहाटेची गाडी धरायची, मनमाडला उतरायची, तिथून यष्टीनं देवळा. काखेत डबा, डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कावड आली की आधी तिला हळदकुंकू, मग नवऱ्याच्या पायावर तांब्याभर पाणी, आणि पाणी ओतता ओतता बोलणी. "पायांचं पार खेटर केलंय. देवीला पाणी पाजता, या पायांना तेल कोण पाजणार?" बहिरू हसायचा, भाकरी खायचा, पुढं निघायचा. एवढीच भेट. नर्मदेचं पाणी खांद्यावर घेतल्यापासून गडावर ओतेपर्यंतच्या पंधरा दिवसांत घरचं माणूस त्याला त्या लिंबाखालीच दिसायचं.

यंदा लिंब होता, साळू नव्हती.

"गाडी चुकली आसंल," सोमनाथ म्हणाला.

हा सोमनाथ बहिरूचा जोडीदार. नांदगावातलाच, भावकीतला नाही. मोटारसायकली दुरुस्त करतो. एका कावडीला दोन माणसं लागतात, कारण कावड जमिनीला टेकवायची नाही. एकाचा खांदा भरून आला की दुसऱ्यानं घ्यायची, दोघंही थकले तर तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर टांगायची. ओंकारेश्वरपासून सप्तशृंगीच्या गडापर्यंत साडेतीनशे किलोमीटर, पायात काही नाही, आणि बांबूच्या दोन टोकांना पाण्यानं भरलेल्या दोन तांब्याच्या कळश्या. कोजागिरीला त्या पाण्यानं देवीला अंघोळ. असे कावडवाले कुठून कुठून येतात, पण नांदगावच्या कावडीत बहिरूइतकी वर्षं कुणाची झाली नव्हती. एक गोरक्ष सोडून. तो या मेळ्याचा म्होरक्या.

"फोन लाव की घरी," बहिरू म्हणाला.

"बॅटरी गेली, तात्या."

आता बहिरू कोण होता ते सांगायला पाहिजे. मनमाड-नांदगावच्या मधल्या रुळांवर तो एकतीस वर्षं चावीवाला होता. चावीवाला म्हणजे हातोडा घेऊन रोज ठरलेला टप्पा पायी चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकत जायचं. घट्ट चावी एक आवाज देते, ढिली दुसरा. वर आभाळ कोसळो, खाली खडी तापो, याचा कान रुळाला. पहिल्या वर्षी कावडीला आला तेव्हा त्याची पावलं बघून सगळी हसत होती. रुळांतल्या पट्ट्या मोजून पाऊल टाकायची सवय. डांबरी रस्त्यावरही तेवढंच पाऊल, ना तसूभर जास्त ना कमी. "बाजूला व्हा, पॅसेंजर आली," गोरक्ष ओरडायचा. त्या साली बहिरू आला होता तो एका आजारी सोबत्याच्या बदली, एकाच वर्षासाठी म्हणून. पुढच्या साली सोबती बरा झाला, पण हा काही कावड सोडेना.

तर असा हा कानाचा माणूस. सोमनाथच्या "बॅटरी गेली"वर त्यानं मनातल्या मनात हातोडा मारला. चावी ढिली होती.

कळवणच्या रस्त्यानं चालताना तो एकेक गोष्ट ठोकून बघू लागला. काल दुपारपासून कुणी त्याची थट्टा केली नव्हती. पंधरा दिवस "पॅसेंजर लेट हाय" म्हणून खिदळणारी पोरं त्याच्याजवळ येताच गप्प व्हायची, इकडंतिकडं बघायची. चढ आला की कुणीतरी येऊन म्हणायचं, "तात्या, द्या थोडी कावड." सकाळी झाडामागं सोमनाथ पाठ फिरवून उभा होता. एक हात कानाशी, तोंड दाबलेलं, खांदे हलत होते. बॅटरी गेलेल्या फोनवर हा रडत होता की काय?

बहिरूला ही सगळी लक्षणं पाठ होती. कारण नऊ वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच हे केलं होतं.

मेळा तेव्हा सेंधव्याला होता. गोरक्षचे वडील गेल्याचा निरोप आला, तो बहिरूच्या हातात. आणि नियम असा, की सुतक असो की सोयर, घरात मरण होवो की जन्म, ते लागतं कानावर पडल्यावर. ज्याच्या कानावर पडलं त्यानं कावड सोडायची, त्यानं पाणी घालायचं नाही. नाही पडलं, तर लागलं नाही. म्हणून जुनी माणसं सांगत आली: खबर गडाच्या खाली अडवायची, पाणी घालून झालं की सांगायची. बहिरूनं अडवली. गोरक्षचा फोन आपल्या पिशवीत घातला, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांनी दटावलं, आणि कुणी तोंड उघडलंच तर मोठ्यानं जयकारा केला. गोरक्षनं पाणी घातलं. पायऱ्या उतरून आल्यावर बहिरूनं सांगितलं. गोरक्ष एवढंच म्हणाला, "बरं केलंस." घरी पोचला तेव्हा राख सावडूनही पाच दिवस झाले होते.

त्या "बरं केलंस"चा आवाज बहिरूच्या कानातून कधी गेला नाही.

आता पाळी त्याची होती, आणि खबर कुणाची असेल याचा अंदाज लावायला त्याला फार लांब जावं लागत नव्हतं. श्रावणात साळूबाईच्या छातीत कळ आली होती. नाशकात नेऊन डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. मुलगा अमित सातपूरला कंपनीत आहे, त्यानंच सगळं धावून केलं. सून वेदिकाचं पोट तेव्हाच दिसू लागलेलं, तिचे दिवस दिवाळीच्या पाडव्यानंतरचे. तरी तिनं सासूची उठबस केली. बहिरू तेव्हा म्हणाला होता, यंदा कावड राहू दे. साळूबाई पडल्या पडल्या म्हणाली होती, "म्हंजे माझ्या नावावर पाप. जा तुम्ही. देवळ्याला येते मी डबा घेऊन."

येते म्हणाली होती. आणि आली नव्हती.

कळवणला मुक्काम झाला. बहिरूनं ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. गोरक्षनं ते बघितलं, काही बोलला नाही. एरवी तो भाकरी टाकणाऱ्याची सात पिढ्यांची आठवण काढायचा. हीही चावी ढिली.

कोजागिरीच्या दिवशी उजाडताच निघाले. सप्तशृंगीचा डोंगर समोर दिसत होता. इतर वर्षी तो दिसला की बहिरूला अंगात बळ यायचं, यंदा त्यानं नजर रस्त्याकडं वळवली. डोंगर जसजसा मोठा होत गेला तसा त्याच्या डोक्यात एकच हिशेब घोळत राहिला. विचारलं आणि खरं निघालं, तर अठरावी कावड इथंच सुटली. नाही विचारलं, तर आपण पाणी घालू, आणि तिकडं साळूच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला आपण नसू. का तेही होऊन गेलंय? का अजून दवाखान्यात आहे, वाट बघतेय? पाऊल मात्र तेवढंच पडत होतं, पट्टीवरून पट्टीवर.

नांदुरीला गर्दी होती. चहाच्या टपरीपाशी नांदगावची भागीबाई भेटली, साळूबाईची शेजारीण. ती मनमाडच्या बायांबरोबर दर्शनाला आलेली. बहिरूला बघून तिचे डोळे मोठे झाले.

"आगं बया, बहिरूभाऊ, तुम्ही हितं? आन् तिकडं साळू..."

"बोल सप्तशृंगी माते की..." गोरक्षनं मागून हाळी दिली. एवढ्या जोरात, की टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला.

"जय," सगळा मेळा गरजला. पुन्हा हाळी, पुन्हा जय. सोमनाथनं भागीबाईच्या हातावर खडीसाखर ठेवली, हाताला धरून तिला बाजूला नेलं आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. भागीबाईनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली.

बहिरूनं कावड खांद्यावर नीट केली. त्याला पुढचं काही ऐकायचं नव्हतं. हाच जयकारा त्यानं नऊ वर्षांपूर्वी केला होता; तेव्हाही आवाज असाच, गरजेपेक्षा दोन बोटं वर गेलेला.

घाट चढताना त्यानं कावड कुणाला दिली नाही. सोमनाथ तीनदा म्हणाला, "तात्या, द्या," तीनदा त्यानं मान हलवली. डावा खांदा सोलवटून निघाला होता. त्याला वाटत होतं, ही खाली गेली की आपल्याला विचारावं लागेल. खांद्यावर आहे तोवर तोंड बंद ठेवता येतं. मग वाटायचं, अरे, हे तर उलटं झालं. आपण कावड कशाच्या आड धरलीय?

साळूबाईचं एकेक आठवत गेलं. रात्रपाळीला निघताना ती कंदिलाची काच पुसून द्यायची. नुसतं "या" म्हणायची. एकतीस वर्षांत तिनं कधी विचारलं नाही, पाऊस आहे तर जाता कशाला. पहिल्या कावडीहून आला तेव्हा तिनं त्याचे पाय मांडीवर घेतले होते आणि रागानं दोन दिवस बोलली नव्हती.

दुपार कलली तेव्हा ते गडावर, पहिल्या पायरीशी पोचले. इथून वर पाचशेच्या वर पायऱ्या, की देवी. लोक पायरीला हात लावून कपाळाला लावत होते. ढोल वाजत होते. सोमनाथचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. झालंच की आता.

बहिरू पायरीपाशी थांबला.

"सोमनाथ, घे."

"आता? वर तुम्हीच न्यायची, तात्या. मान तुमचा हाय."

"घे म्हणतो ना."

सोमनाथनं खांदा खाली दिला. कावड सरकली, कळश्यांतलं पाणी डुचमळलं आणि थांबलं. बहिरू गोरक्षसमोर जाऊन उभा राहिला. दोघांची उंची सारखी, वय सारखं.

"सांग," बहिरू म्हणाला.

"काय सांगू?"

"जे दोन दिवस दाबून ठेवलंय ते."

गोरक्षनं वर बघितलं. "पाचशे पायऱ्या राहिल्यात, बहिरू. घटकाभर दम काढ."

"अठरा सालं मोजतोय पायऱ्या. सांग."

"कानावर पडलं की तुझं पाणी घालणं गेलं. समजतंय ना? अठरावी हाय."

"गेलं तर गेलं. देवीला पाणी घालायला आज हजार माणसं हायेत. साळूला मी एकटाच. जिती असंल तर मला आत्ता जायचंय, आन् नसंल तर आत्ताच कळायला पाहिजे. तुझ्यासारखं पाच दिवसांनी नाय."

शेवटचं वाक्य निघून गेलं आणि बहिरूला वाटलं, हे नको होतं बोलायला. गोरक्ष त्याच्याकडं बघत राहिला. सोमनाथनं मान खाली घातली; कावडीखाली त्याचे खांदे पुन्हा हलायला लागले.

"ह्या बेण्याला आधी गप कर," गोरक्ष म्हणाला. "दोन दिवस हसतंय झाडामागं जाऊन."

"हसतंय?"

"साळूवहिनीला काय धाड भरलीय? दवाखान्यात साखर वाटतीया. नात झाली तुला, परवा पहाटं. सून धड हाय, पोर धड हाय. तीन आठवडे आधी आली, तुझ्यासारखी नाय, टायमाच्या आधी."

बहिरू पायरीशेजारी खाली बसला. नात. जन्माचंही सोयर असतं हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. दोन दिवस त्यानं एकच चावी ठोकली होती, शेजारच्या चावीवर हातोडाच पडला नव्हता.

सोमनाथच्या फोनला आता एकदम बॅटरी आली. पलीकडून साळूबाईचा आवाज आला आणि बहिरूनं डोळे मिटून घेतले.

"घातलं का पाणी?"

"नाय."

"मग फोन कसा केला? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच विचारलं. मला वाटलं, तू..."

मग ती म्हणाली, "मी मेले वाटलं व्हय. आन् पाचशे पायऱ्या दम निघला नाय." आणि पुढं म्हणाली, "अठरा सालात पयल्यांदा देवीच्या आधी माझा नंबर लावला, ते बी मी मेले समजून. या आता. यष्टी हाय नाशकाला, चालत येऊ नका."

मेळा वर निघाला. नियम तो नियम. बहिरूनं वर जायचं नव्हतं, आणि त्यानं तसं म्हटलंही नाही. त्यानं मागं सरून, दुरूनच पहिल्या पायरीला हात जोडले. गोरक्ष चार पायऱ्या चढला आणि परत आला. बहिरूजवळ वाकला.

"सेंधव्यालाच कळलं होतं मला," तो हळू म्हणाला. "तुझ्या जयकाऱ्यावरनं. मी विचारलं नाय."

बहिरूनं त्याचा हात धरला. गोरक्षनं तो सोडवून घेतला, पुन्हा पायऱ्या चढू लागला, आणि या खेपेला मागं बघितलं नाही. बराच वेळ बहिरूला गर्दीतून दोन कळश्या दिसत होत्या, उन्हात चमकणाऱ्या. मग वळणावर गेल्या.

नाशिकच्या यष्टीत वणीपर्यंत सगळ्या प्रवाशांना, वणीपासून पुढं कंडक्टरला, त्यानं नात झाल्याचं सांगितलं. दवाखान्याच्या दारात साळूबाई उभी होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, पायांवर नजर थांबली, पण आज पायांना काही बोलली नाही. रिकाम्या खांद्यानंही तो डावीकडं कललेला होता. नर्सकडून दुपट्यातलं गाठोडं घेऊन तिनं ते त्याच्या डाव्या हातावर ठेवलं.

"त्या बाजूला वजनाची सवय हाय तुम्हाला," ती म्हणाली. "धरा नीट. मी भाकरी आणते. मी येईस्तवर खाली टेकवायची नाय."