शेजारणीचं ताट आणि सुकेळी

माझ्या सासूबाई पावसाळ्यात गेल्या आणि त्या वर्षीच्या नाताळात मला एका ताटाचा घोर लागला.

ताट आमचं नव्हतं. वसईजवळ पापडीला आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून नवी बिल्डिंग झाली होती. तिथे तळमजल्यावर कोकणातल्या एक मावशी राहायच्या. दिवाळीला त्या फराळाचं ताट भरून द्यायच्या. सासूबाई ते ताट ठेवून घ्यायच्या आणि नाताळात त्यातच तळलेले गोड कलकल, करंजीसारख्या नेवऱ्या, केकचे तुकडे भरून परत पाठवायच्या. आठ-नऊ वर्षं दोघींचं असं चाललं होतं. ताटाच्या काठावर मावशींच्या मिस्टरांचं नाव कोरलेलं होतं, त्यामुळे ते आमच्या भांड्यांत हरवायचीही सोय नव्हती.

सासूबाई गेल्यावरही दिवाळीला ताट आलं. मी ते घासून फळीवर उभं करून ठेवलं.

डिसेंबर लागला तसं ते ताट डोळ्यांसमोरून हलेना. दुखवट्याच्या घरात वर्षभर गोडाची कढई चढत नाही, हे मला माहीत होतं. भरून आलेलं ताट रिकामं परत जात नाही, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी सासूबाईंनीच शिकवलेल्या. एक पाळायला गेलं की दुसरी मोडत होती.

कलकल वळायला दरवर्षी नवा कंगवा लागतो, त्याच्या दात्यांवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची. सवयीने मी बाजारातून कंगवा घेऊनही आले आणि मग लाज वाटून तो साड्यांखाली लपवला.

नणंद आली तेव्हा तिने आधी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं.

"तेल-बिल आणलं नाहीस ना? लोक म्हणतील, सासू गेली नि सुनेला कलकल सुचतायत."

मी नाही म्हटलं. ताटाचं विचारायचं होतं, ते राहिलं. मला पटकन बोलता येत नाही.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "चिमूटभर साखर घाल नि देऊन टाक."

"आई कधी साखर पाठवायच्या का?"

"मग नको पाठवू."

"मग ताट?"

"मग पाठव," असं म्हणून तो आंघोळीला गेला.

आमच्याकडे काही करायचं नव्हतं, म्हणून नातेवाइकांनी डबे आणून दिले. त्यातल्या दोन नेवऱ्या मी त्या ताटात ठेवून बघितल्या आणि परत काढल्या. दुसरीच्या हातचं आपलं म्हणून कसं द्यायचं?

नाताळच्या दिवशी आम्ही चर्चमध्ये मिस्सा करून आलो. ऊन चढलं होतं. दारात चांदणी नव्हती, आत फक्त बाळ येशूचा लहानसा गोठा मांडला होता आणि पंखा लावला की त्यावरचा कापसाचा बर्फ घरभर उडत होता. तो गोळा करत होते, तेवढ्यात मावशीच आल्या. त्यांच्या हातात ताट होतं, दुसरंच.

"अगो, तुझ्या सासूने शिकवलेलं तसे कलकल केलेत. अंडं नाही घातलं, दगड झालेत. बाबांना देऊ नको, दात जातील."

सासरे खुर्चीतच होते. त्यांनी एक उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले.

"आमच्या हिचे पण असेच व्हायचे."

"खोटं नका बोलू हो!" मावशी म्हणाल्या.

मी ते ताट हातात घेऊन उभी. पहिलं अजून फळीवर, आणि मावशींना ते समोर दिसत होतं.

सासरे उठून आत गेले. तांदळाच्या पिंपामागे एक डबा होता. त्यात सासूबाईंनी मागच्या हंगामात केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांचं शेवटचं पुडकं होतं, केळीच्या सुक्या पानात त्यांनीच बांधलेलं. कुणी खाऊ नये म्हणून मीच ते तिथे ठेवलं होतं. सासऱ्यांना कसं कळलं, माहीत नाही. त्यांनी ते फळीवरच्या ताटात ठेवलं आणि ताट माझ्यासमोर धरलं.

"दे. उन्हात वाळलंय. कढई कुठे चढली?"

माझा हात पुढे होईना. मग त्यांनीच ते मावशींना दिलं.

"सुकेळी! ह्यांना भारी आवडतात," म्हणत मावशी ताट घेऊन गेल्या. ते शेवटचं होतं हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

संध्याकाळी नणंद आली. सुकेळ्यांचा डबा बाहेरच राहिला होता, तो तिने उघडला. "आईची सुकेळी कुठे गेली?"

"मी खाल्ली," सासरे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं, ते गोठ्याकडे बघत होते. त्यांच्यावर रागवायचं की पाया पडायचं, मला कळेना. मावशींचं ताट भरलेलंच परत गेलं, आणि सासूबाईंच्या हातचं घरात काही उरलं नाही. त्यांनी स्वतः काय केलं असतं, तेही सांगता येत नाही. तो रिकामा डबा मी कितीतरी दिवस घासला नाही. दुसरं ताट फळीवर, पहिल्याच्या जागी उभं करून ठेवलं.