सही जुळत नाही

तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी कंत्राटावर सॉफ्टवेअर सांभाळत होते. महिनाअखेर कंत्राट वाढणार की नाही ते ठरायचं होतं, आणि नेमका तेव्हाच वाहतूकदारानं सर्व्हर बदलला. माल बाहेर काढायचा तर गेटवरच्या कॉम्प्युटरवरून त्या सर्व्हरला विनंती जायची, सोबत डिजिटल सही. गुप्त किल्ली, मजकूर आणि पाठवल्याची वेळ यांतून प्रोग्रॅम ती बनवतो. तिकडून उत्तर एकच: सही जुळत नाही. ट्रक रांगेत उभे, आणि ड्रायव्हर हिंदीतून माझा उद्धार करत होते.

किल्ली पुन्हा घातली, मजकुरात कुठे जादा स्पेस राहिली का ते पाहिलं, डोक्याचा पार भुगा झाला. माझ्या लॅपटॉपवरून मात्र तीच विनंती मुकाट्यानं गेली. लॅपटॉप गेटवर नेऊन शेजारी ठेवला तेव्हा दिसलं, तिथल्या कॉम्प्युटरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं. नवा सर्व्हर एवढा फरक खपवून घेत नव्हता.

घड्याळ आपोआप सरकलं नव्हतं. कामगारांची सकाळी येतानाची हजेरी त्याच कॉम्प्युटरवर लागायची, म्हणून आमच्या साहेबांनी ते मुद्दाम पुढे ठेवलं होतं. पॅकिंगमधली एक बाई रोज सालवडहून माझ्याबरोबर चालत यायची. "आमी येळेवर येतो, तरी लेट कसा लागतो?" असं ती विचारायची. मी कंत्राटी, माझी हजेरी तिथे नव्हती.

साहेबांना सांगितलं. ते हसले. "मॅडम, घड्याळाला हात लावायचा नाही. त्यानं माणसं वठणीवर राहतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये पंधरा मिनिटं वजा करा, झालं."

एका ओळीचं काम होतं. पण वाहतूकदाराला खरी वेळ आणि त्या बाईला खोटी, हे माझ्या हातून लिहवेना. मला संताप आला. "घड्याळ बरोबर करा, सही जुळेल," एवढं बोलून मी केबिनबाहेर आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईहून माणूस बोलावला. चहा संपायच्या आत त्यानं ती ओळ लिहिली. ट्रक सुटले. माझं कंत्राट वाढलं नाही. कारण दिलं, बिघाड शोधता आला नाही.

शेवटच्या दिवशी घरी जाताना त्या बाईला मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, चार जणींना सांगेल.

"बरं झालं तुमी सांगितलं," ती म्हणाली. "उद्यापासून लवकर निघते मी."