सीटवरचं ढेपेचं पोतं

राळेगाव रस्त्यावर आमचं लग्नाचं लॉन आहे. आधी त्या जागेत सोयाबीन पेरायचो, आता लग्नं लावतो. पेरणी मामाजींची होती, लग्नं माझी. मामाजी म्हणजे माझे सासरे. नवरा शाळेत मास्तर. त्याच्या हातात पाना दिला तर पूजेतला नारळ धरावा तसा दोन्ही हातांनी धरतो, म्हणून लॉनवरची मशीनं मीच सांभाळते. माणसंही मीच. एवढ्या मोकळ्या जागेत हाका मारून घसा बसायला लागला, तेव्हापासून गळ्यात शिट्टी अडकवली. गाव मला शिट्टीवाली सून म्हणतं. मामाजींना ते बिलकूल आवडत नसे. "घरच्या सुनेनं शिट्ट्या मारत फिरावं काय?" असं ते म्हणत, मला बरोबर ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

एरवी लॉनच्या कारभारात ते लक्ष घालत नाहीत. पण लग्न कोणाचंही असो, पांढरी टोपी घालून मांडवात मागे उभे राहतात आणि उजवा हात उंच करून अक्षता टाकतात. आपल्या वावरात लागलेलं लग्न म्हणजे आपल्या घरचंच, असा त्यांचा हिशेब.

गवत कापायचं बसून चालवायचं मशीन आम्ही नागपूरहून जुनं आणलं. दिसायला छोटा ट्रॅक्टर, पोटाखाली फिरणारी पाती. कापायचं झकास, पण कापलेलं तिथंच पसरून ठेवायचं. मागच्या हंगामात एका नवरीच्या शालूला हिरवी झालर लागली आणि मठ्ठ्यात गवत तरंगलं. वरमाय मला म्हणाली, "बाई, मठ्ठ्यात सांबार टाकतात, घास नाही." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घास म्हणजे गवत. टोमणा झोंबला. मशीनसोबत गवत गोळा करायच्या पिशव्यांचं खोकं आलं होतं. दिवाळी उरकल्याबरोबर मी ते उघडलं.

जोडणी काही अवघड नव्हती, फक्त घाई करायची नव्हती. मशीन सपाट जागी उभं केलं, ब्रेक लावला, किल्ली काढून ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. प्लगची वायरसुद्धा काढली. मागे एक लोखंडी चौकट पिनांनी बसते, तिला जाळीच्या दोन मोठ्या पिशव्या टांगायच्या आणि वरून झाकण लावायचं. बाजूला, पात्यांच्या तोंडाशी, एक जाड नळी बसते. कापलेलं गवत तिच्यातून उडत पिशवीत जातं. नळीचा खटका बसल्याचा आवाज ऐकू आलाच पाहिजे, नाहीतर ती अर्ध्या वाटेत सुटते. पिशव्या भरल्या की मागचा भार वाढतो आणि मशीनचं नाक हलकं होतं, म्हणून पुढे वजनं लावायची. तीही लावली. भरल्या पिशव्या घेऊन नाल्याकडच्या उतारावर जायचं नाही, हे तिथंच सगळ्यांना सांगून टाकलं. पहिला फेरा मारून मागे पाहिलं तर लॉन सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. मी माझीच पाठ थोपटून घेतली. दुसरं कोण थोपटणार होतं?

मामाजी खूश झाले ते वेगळ्याच कारणानं. पिशवीतलं कोवळं गवत त्यांच्या गाईला आयतं मिळू लागलं. मशीन चालवायला ते लगेच शिकले. किल्ल्या दोन होत्या. एक माझ्याकडे, एक त्यांच्या बंडीच्या खिशात. घरातल्या वडील माणसाला किल्ली द्यायची नाही, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

भांडण एकाच गोष्टीवरून.

"मी उठलो का बंद! काहून बंद पडून राह्यलं हे?"

"सीटच तशी आहे, मामाजी. माणूस उठला की इंजिन बंद. नळी तुंबली तर किल्ली काढायची, पाती थांबू द्यायची, मंग काडीनं गवत काढायचं. हात नोका घालू."

"मले शिकवून राह्यली का तू? जिंदगीभर हडंबा चालवला म्या. एका बोटाले खरचटलं नाही."

ते खरं होतं, आणि मला भीती त्याचीच होती. हडंबा म्हणजे सोयाबीन मळायचं मशीन. तो तुंबला तर आमच्याकडे कोणी बंद करत नाही, चालू मशीनमध्येच हातानं काड लोटतात. ज्यांची बोटं गेली, तेही पुढच्या हंगामात उरलेल्या बोटांनी तेच करतात.

तुळशीचं लग्न झालं आणि आमचं हंगामातलं पहिलं लग्न आलं. त्या सकाळी गवतावर दव होतं. ओलं गवत नळीत लगद्यासारखं बसतं, म्हणून ऊन वर आल्याशिवाय मशीन काढायचं नाही असं मी बजावलं होतं. मी गेटजवळ मांडववाल्यांशी बोलत होते. तेवढ्यात मशीनचा आवाज आला. वळून पाहिलं तर लॉनच्या मधोमध मशीन धडधडत उभं, आणि सीटवर माणूस नाही. सीटवर गाईला घालायच्या सरकीच्या ढेपेचं अर्धं पोतं बसवलेलं.

मामाजींनी तोड काढली होती. स्वतः खाली वाकून नळीचा खटका सोडवत होते.

मी किंचाळले. एरवीच त्यांना कमी ऐकू येतं, त्या आवाजात काय येणार? शिट्टी तोंडात घातली आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा तिच्यात ओतली. मामाजींनी दचकून वर पाहिलं. हात नळीबाहेर थबकला. मी पळत गेले आणि दोन्ही हातांनी ते पोतं सीटवरून खाली ओढलं. इंजिन बंद झालं. पाती मात्र खाली अजून फिरत होती. ती थांबेपर्यंत आम्ही दोघं नुसतं ऐकत उभे राहिलो.

मग मी ओरडले. मांडववाल्यांच्या देखत, सासऱ्यांवर. "हात गेला असता तर? मी काय केलं असतं, सांगा ना!" राग आला होताच, पण भीती त्याहून मोठी होती, आणि मी रडत होते. मामाजी मशीनकडे वळले. किल्ली काढून खिशात टाकली आणि घराकडे चालू लागले. दुपारी जेवायलाही माझ्यासमोर आले नाहीत.

संध्याकाळी मंगलाष्टकं सुरू झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. मी मागे उभी, हातात अक्षताही नव्हत्या. शेवटच्या कडव्याला पांढरी टोपी दिसली. मामाजी येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. माझ्याकडे न बघताच त्यांनी उजवी मूठ पुढे केली आणि निम्म्या अक्षता माझ्या ओंजळीत सोडल्या. अक्षतांमध्ये त्यांची किल्ली होती.

"घे. दोन्ही तुयापाशीच ठेव," ते म्हणाले. मग म्हणाले, "आन थे शिट्टी राहू दे गळ्यात."

वाजंत्री वाजली. मामाजींनी हात उंच केला आणि उरलेल्या अक्षता टाकल्या. सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघत होता. मी तो हात बघत होते.