शेवयांची सहा मडकी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून एक मडकं रिकामं केलं आणि तेच पुन्हा भरलं. मिळून म्हणतो, पण काम सारं बायकोचं. मी सडक्या संत्र्यांचं पोतं धरून उभा, नाकाला दुपट्टा गुंडाळून.

"नाक धरून काय उभे राहिले? हात लावा ना एकडाव," ती म्हणाली.

"तूच कर. मले मळमळते."

पंधरा वर्षं मी हेच उत्तर देत होतो.

मी पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकायचो. फुटकं, सडकं फळ कोणी घेत नसे, ते पोत्यात भरून सायकलवर घरी आणायचो. माझा हातभार एवढाच. बाकी विद्या तिच्या माहेरची, बोरगावची. मडक्यात सडकी संत्री, शेण आणि कोंडा कालवायचा. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे माश्या बसून अंडी घालतात. मग वरून ओलं गोणपाट बांधायचं. सहाव्या दिवशी आत पांढऱ्या अळ्या वळवळतात, त्या कोंबड्यांना चारायच्या. जास्त दिवस राहिल्या की अळ्या कडक होतात आणि माश्या होऊन उडून जातात. म्हणून तिने भिंतीला लावून सहा मडकी ठेवली होती. रोज एक काढायचं, तेच भरायचं. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती चुलीतली राख. दुसऱ्यांच्या कोंबड्या दाण्यावर वाळून राहायच्या, आमच्या चौदा कोंबड्यांना चालताना धाप लागायची.

विहारातल्या बायका तिला टोचायच्या. "पंचशील म्हणते अन् घरी जाऊन किडे चारते!"

ती म्हणायची, "मी घेतलं पंचशील. कोंबडीनं नाई घेतलं ना बाई."

असं तोंडावर बोलायची, पण तिला लागलं होतं. तेव्हापासून तिने 'किडे' हा शब्द सोडला. 'शेवया' म्हणू लागली. मडक्यावरचं गोणपाट सोडलं की हाक मारायची, "या गं, शेवया खाले या!" कोंबड्या त्या हाकेला उडत यायच्या.

एकदा माझ्या बहिणीचे सावरगावचे व्याही भेटायला आले. आम्ही ओसरीत बसलेलो. मागच्या अंगणातून ती ओरडली, "अहो, शेवया झाल्या, काढू काय?" मी काही बोलायच्या आत व्याही म्हणाले, "काढा बाई, काढा! मले दुधासंगं पायजे, साखर जराशी जास्त." ती तोंडात पदर कोंबून चुलीकडे पळाली. हात राखेनं घासून धुतले आणि खऱ्या शेवया शिजवल्या. व्याह्यांनी वाटी पुसून खाल्ली. त्यांना खरं काय ते आम्ही कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर कुठं लग्नात शेवया वाढल्या की ती माझ्याकडे पाहायची आणि मला ठसका लागायचा.

तर त्या सकाळी मडकं भरून झालं. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "पाठ दुखून राहिली."

मी म्हणालो, "वाकून काम केलं, दुखणारच."

असं बोललो मी. हापशीवर पोतं धुवायला गेलो. परत आलो तर ती तशीच टेकलेली. हाताला संत्र्याचा रस लागलेला, वाळलाही नव्हता. हाक मारली, हलवलं, शेजारच्यांना बोलावलं. ती गेली होती.

त्याच दिवशी माती दिली. मी रडलो नाही. लोक काय म्हणाले असतील ते म्हणाले.

मातीहून आलो तर माझी बहीण अंगणात पदर नाकाला लावून उभी होती. म्हणाली, "दादा, हे मडके फेकून देऊ काय? उद्या लोक भेटाले येतीन. वास येऊन राहिला."

"राहू दे."

"वयनी होती तवर ठीक होतं. आता कोण हात घालन त्याच्यात? तू?"

ती खरं तेच बोलली होती. सहा मडकी, सहाही तिच्या हातची. पाच तिने आधीच्या पाच दिवसांत भरलेली, सहावं त्या सकाळचं. फेकली तर तिच्या हातचं शेवटचं काम उकिरड्यावर जाणार. ठेवली तर रोज एकाची पाळी येणार आणि हात घालायला घरात मी एकटा.

"उद्या पाहू," मी म्हणालो.

सकाळी बहीण चहा मांडत होती. कोंबड्या अंगणात येऊन उभ्या होत्या. मडक्याजवळ येईनात, माझ्याकडे पाहत राहिल्या. मी दुपट्टा काढून खुंटीला टांगला. ज्याची पाळी होती त्या मडक्याचं गोणपाट सोडलं आणि हात घातला. आत गरम होतं. इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं, की आत गरम असतं.

मूठभर अळ्या जमिनीवर टाकल्या. कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत. मग मला आठवलं. बहीण ऐकत होती, शेजारी ऐकत होते, लाज वाटली, तरी म्हणालो.

"या गं, शेवया खाले या."

पहिल्यांदा नीट निघालं नाही. दुसऱ्यांदा जोरानं म्हणालो. तेव्हा आल्या.

मडकं रिकामं झालं. टोपलीत कालची थोडी संत्री उरली होती, ती घातली, शेण घातलं. कोंडा किती घालायचा ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं. दोन ओंजळी टाकला.