वजनाचा कोळसा

भोरच्या मोटार सर्व्हिसचा मी मॅनेजर झालो तेव्हा सर्व्हिसकडे मोटार एकच होती आणि मला पंचविशीही लागली नव्हती. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं. म्हणून मोटारीच्या पाठीला एक उंच भट्टी बसवली होती. तिच्यात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस इंजिनात सोडायचा आणि देवाचं नाव घेऊन पुणं गाठायचं.

मी पुण्यात दोन वर्षं कॉमर्स शिकून आलो होतो. आल्या आल्या हापिसात एक फळी टांगली आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : वेळ, वजन, शिस्त. आमच्या ड्रायव्हरांनी ती सावकाश वाचली आणि विचारलं, "सायेब, ह्यात कोळसा कुठं बसतो?" मला राग आला. तेव्हा मला फार लवकर राग यायचा, आणि राग आला की मी एखादा नियम करायचो.

ड्रायव्हर पन्नाशी उलटलेले. सारं भोर त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायचो. घरात सात माणसं आणि मिळवते ते एकटेच. वेल्ह्याच्या डोंगरातले लोक बैलांवर कोळशाची पोती लादून आणत, तेव्हा चाचा त्यांच्यात उकिडवे बसत, त्यांना चहा पाजत आणि पोत्यापोत्यात हात घालून दोन कोळसे एकमेकांवर आपटत. मान तिरकी करून ऐकत. एखादं पोतं ठेवून घेत, एखादं हसत हसत परत करत. हे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कानाने कुठे खरेदी होते? शिवाय ड्रायव्हरने गाडी चालवावी आणि खरेदी मॅनेजरने पाहावी, कामाची वाटणी म्हणतात ती हीच, असं मी चाचांना सुनावलं. मी तागडी आणवली आणि डोंगरात निरोप धाडला की यापुढे कोळसा पोत्यावर नव्हे, वजनावर घेतला जाईल. चाचा एवढंच म्हणाले, "तुमची मर्जी."

पुढची पोती चांगली जड आली. मी खूश झालो. गाडी मात्र बिघडली. कात्रजच्या घाटात ती धापा टाकायची आणि अर्ध्यावर गप्प व्हायची. उतारू उतरून चालत, तरणे असतील ते ढकलत. कोर्टाची तारीख चुकलेला एक गृहस्थ पुण्याहून परत आल्यावर थेट माझ्या फळीखाली उभा राहिला आणि घसा कोरडा होईपर्यंत मला शिव्या देऊन गेला.

गोष्ट मालकांच्या कानावर गेली. पेठेत त्यांचं किराण्याचं दुकान होतं, तिथे त्यांनी मला सोमवारी बोलावलं. "चूक कुणाची ते शनिवारपर्यंत लिहून द्या," ते म्हणाले. "त्याला घरी बसवतो."

मी त्याच दुपारी लिहायला बसलो. ड्रायव्हर भट्टीची निगा राखत नाही, घाटात इंजिनाला ताण देतो, नव्या पद्धतीशी सहकार्य करत नाही. पान भरलं. अक्षर सुंदर आलं होतं, हे सांगताना आज लाज वाटते. घडी करून ते कोटाच्या खिशात ठेवलं आणि पुराव्याला म्हणून शुक्रवारी घड्याळ हातात घेऊन चाचांच्या शेजारी जाऊन बसलो.

घाटात गाडी थांबली. चाचा खाली उतरले, भट्टीचं खालचं झाकण उघडलं आणि आकडीने आतलं बाहेर ओढलं. चिकट काळा राप आणि अर्धवट जळालेली लाकडाची ढलपी बाहेर आली. मग त्यांनी टपावरच्या पोत्यातले दोन कोळसे आपटून दाखवले. भद्द आवाज आला. आपल्या सीटखालून त्यांनी दोन जुने कोळसे काढले आणि ते आपटले. भांड्यावर भांडं लागावं तसे ते खणकन वाजले.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी चिडून विचारलं.

"कोळसा बगायचं काम माजं न्हाई, असं तुमीच म्हनला व्हता की."

उतरलेल्या उतारूंत वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासली गावचा एक म्हातारा होता. कोळसा पाडणाराच. तो पुढे आला आणि जराही न कचरता म्हणाला, "म्यानेजरसायेब, आमी ढीग मातीखाली चार दिस निवत ठिवायचो. त्यो कोळसा हलका व्हतो. हलक्याला तुमच्याकडं मोल न्हाई. मग पानी मारून लवकर काडला, कच्चं हुतं त्ये बी भरलं. तुमी वजन मागितलं, आमी वजन दिलं."

राग नेमका कुणावर काढावा ते कळेना, कारण त्या रस्त्यावर चूक एकाचीच होती आणि त्याच्या हातात घड्याळ होतं. मी कोट काढून सीटवर टाकला आणि गाडी ढकलायला लागलो.

शनिवारी मालकांना मी तोंडीच सांगितलं, चूक माझी.

"मग तुम्हाला घरी बसवू?"

"बसवा. पण त्याआधी कोळशाची खरेदी चाचांच्या हाती द्या."

मालक दुकानातल्या गड्याला म्हणाले, "ह्यांना चहा सांग." मॅनेजरकी मी पुढे पुष्कळ वर्षं केली, पण खऱ्या अर्थाने ती त्या चहापासून धरावी असं मला वाटतं. कोणतं काम कुणाला कळतं ते ओळखायचं आणि त्याच्या वाटेतून आपण बाजूला व्हायचं, यापलीकडे मला तिच्यातलं फारसं काही सांगता येत नाही.

तागडी मी मालकांच्या दुकानात पोचवली. दोन आठवड्यांत खणखणीत कोळसा आला. त्या पहाटे चाचा भट्टी पेटवत होते. "सायेब, कागुद हाय का एकांदा?" त्यांनी हात पुढे केला. मी कोटाच्या खिशात हात घातला आणि हाताला ती घडीच लागली. परत ठेवावी असं फार वाटलं. पण दिली.

चाचांनी ती उलगडली, कंदिलापुढे धरली आणि फळी वाचली होती तशीच सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग दोन बोटांत चोळून पाहिली.

"कोरडा हाय," ते म्हणाले. "पेटंल."

त्यांनी तो कागद कोळशाखाली सारला. मी भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याचा दांडा धरला आणि फिरवायला लागलो.